ज्याला भीती, त्यानं घरी बसावं?

गणपती उठले की अमेरिकेतल्या मराठी मंडळांना दिवाळीच्या कार्यक्रमाचे वेध लागतात. आमच्या भागातल्या मंडळाच्या अशाच एका बैठकीत एका सभासद बाईंनी दोन सूचना मांडल्या. नवरात्रातल्या एखाद्या रविवारी, मराठी शाळा भरते त्या वेळेत, फ्लूच्या लशीची सोय करावी ही एक. दिवाळीच्या दिवशी ज्यांच्या घरी कुणी तापानं आजारी असेल त्यांना तिकिटाचे पैसे परत द्यावेत ही दुसरी. दोन्ही सूचना फेटाळल्या गेल्या. उत्तर असं मिळालं : ज्याला भीती वाटते त्यानं लस घ्यावी, ज्याला फारच भीती वाटते त्यानं घरी बसावं, मंडळानं त्यात पडायचं कारण नाही.

हे म्हणणारी माणसं मी चांगली ओळखते. नव्या आलेल्या कुटुंबाला मध्यरात्री विमानतळावरून घरी आणणारी, कुणाकडे दुःखद घटना घडली तर आठवडाभर डबे पोचवणारी ही माणसं आहेत. एकमेकांसाठी पदरमोड करायला ती कधी मागेपुढे पाहत नाहीत. अशा माणसांच्या तोंडी हे वाक्य आलं म्हणूनच ते खोडून काढणं मला गरजेचं वाटतं. फ्लू हे किरकोळ दुखणं आहे, लशीचा फारसा उपयोग नाही, आणि आरोग्य हा ज्याचा त्याचा खासगी मामला आहे, अशा तीन समजुती त्या एका वाक्यात आहेत. यातली तिसरी समजूत बाकीच्या दोन्हींना आधार देते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

‘ज्याला भीती त्यानं स्वतःला सांभाळावं’ हे तेव्हाच न्याय्य ठरतं, जेव्हा धोका असलेल्या माणसाला स्वतःला सांभाळता येतं. आपल्याकडचं अगदी नेहमीचं घर घ्या. सुनेच्या बाळंतपणासाठी भारतातून आलेली आजी, दीड महिन्याचं बाळ, आणि किंडरगार्टनमध्ये जाणारा पाच वर्षांचा दादा. बाळाला सहा महिने पूर्ण होईपर्यंत फ्लूची लस देता येत नाही. आजीला मधुमेह, एखादी अँजिओप्लास्टी झालेली. तिनं लस घेतली तरी वयोमानानं शरीर पूर्वीइतका प्रतिसाद देत नाही. आणि घरी बसण्याचं म्हणाल तर ही दोघं घरीच बसलेली आहेत. बाहेर थंडी, आजीला गाडी येत नाही, बाळ तर दुपट्यात. त्यांच्यापर्यंत फ्लू घेऊन येतो तो दादा. त्याला तो वर्गात मिळतो, मराठी शाळेत मिळतो, किंवा दिवाळीच्या नाचाच्या तालमीत, जिथं बारा मुलं एकमेकांचे हात धरून एका बेसमेंटमध्ये तासभर उड्या मारत असतात. घरी बसण्याचा सल्ला ज्यांना द्यायचा तीच माणसं आधीपासून घरात आहेत. त्या सल्ल्यानं त्यांचं काहीही रक्षण होत नाही.

मग त्यांचं रक्षण कोण करू शकतं, याचं उत्तर अमेरिकेतल्याच एका छोट्या गावानं दिलेलं आहे. मिशिगनमधलं टेकमसे, ॲन आर्बरपासून तासाभराच्या आतलं. मिशिगन विद्यापीठ तिथल्या लोकांच्या आरोग्याचा वर्षानुवर्षं अभ्यास करत होतं. १९६८ च्या हिवाळ्यात हाँगकाँग फ्लू अमेरिकेत शिरत होता. त्या वेळी अर्नॉल्ड मॉन्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला : म्हातारी माणसं आजारी पडतात म्हणून लस म्हाताऱ्यांना द्यायची, हे ठीक, पण गावात फ्लू फिरवतात ती मुलं, तर मुलांनाच लस दिली तर गावाचं काय होईल? या मंडळींत थॉमस फ्रान्सिसही होते. साल्क यांच्या पोलिओ लशीची देशभर चाचणी घेऊन १९५५ साली तिचा निकाल जाहीर करणारे ते हेच.

टेकमसेतल्या शाळकरी मुलांपैकी सुमारे ८५ टक्के मुलांना लस टोचली. मोठ्या माणसांसाठी अशी कोणतीही मोहीम काढली नाही. तुलनेला शेजारचं एड्रियन गाव होतं, तिथं मुलांचं असं लसीकरण झालं नव्हतं. साथ आली आणि गेली. श्वसनाच्या आजारांचं प्रमाण टेकमसेमध्ये एड्रियनच्या साधारण एक तृतीयांश भरलं, आणि हा फरक फक्त मुलांपुरता राहिला नाही. ज्यांच्या दंडाला सुई लागलीच नव्हती ते प्रौढही कमी आजारी पडले. ‘ज्याला भीती त्यानं लस घ्यावी’ या सल्ल्यानं टेकमसेच्या आजी-आजोबांना जे मिळालं नसतं, ते त्यांना नातवंडांच्या लशीनं मिळालं.

एका गावावरून किती निष्कर्ष काढायचा, असं कुणी विचारेल. विचारायलाच हवं. म्हणून चाळीस वर्षांनंतर कॅनडात संशोधक मार्क लोएब यांनी हा प्रयोग कडक शिस्तीनं केला. हटराइट नावाच्या ख्रिस्ती पंथाचे लोक अल्बर्टा, सस्कॅचेवान, मॅनिटोबा या प्रांतांत छोट्या वसाहतींमध्ये राहतात. शेती सामाईक, स्वयंपाकघर सामाईक, जेवायला सगळे एकत्र. अशा ४९ वसाहती निवडल्या. कुठल्या वसाहतीतल्या मुलांना फ्लूची लस मिळणार आणि कुठल्या वसाहतीत कावीळ-अ ची, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, आणि कुणाला काय मिळालं हे लोकांना कळू दिलं नाही. मग लस न घेतलेल्या माणसांवर लक्ष ठेवलं. जिथं मुलांना फ्लूची लस होती तिथं लस न घेतलेल्या १२७१ जणांपैकी ३९ जणांना तपासणीत फ्लू निघाला. दुसऱ्या बाजूला १०५५ पैकी ८० जणांना. म्हणजे लस न घेतलेल्या माणसांना इतरांच्या लशीमुळे सुमारे ६१ टक्के संरक्षण मिळालं. २०१० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

जपाननं तर हे देशाच्या पातळीवर करून पाहिलं. १९६२ पासून तिथं शाळकरी मुलांना फ्लूची लस दिली जायची. १९८७ ला पालकांना नकाराची मुभा मिळाली, १९९४ ला कार्यक्रमच थांबला. पुढे संशोधकांनी मृत्यूंच्या नोंदी चाळल्या. लसीकरण जोरात होतं त्या काळात दरवर्षी सुमारे ३७ ते ४९ हजार मृत्यू टळत होते, म्हणजे साधारण ४२० मुलांना लस दिली की एक जीव वाचत होता, आणि तो बहुतेक म्हाताऱ्या माणसाचा. हा नोंदींवरून काढलेला अंदाज आहे, प्रत्यक्ष प्रयोग नाही, आणि त्याच्यावर वादही झाले आहेत. म्हणून मी माझं सगळं वजन त्याच्यावर टाकत नाही. पण टेकमसे, हटराइट वसाहती आणि जपान एकाच दिशेला बोट दाखवतात.

आता आपलं बघा. मराठी शाळेत एकाच वयाची मुलं एका खोलीत, बाहेर कॉरिडॉरमध्ये त्यांना सोडायला आलेले आजी-आजोबा बाकावर गप्पा मारत बसलेले, आणि शाळा सुटल्यावर सगळे मिळून इडली किंवा मिसळ. अख्ख्या अमेरिकेत मुलांमधलं फ्लूचं लसीकरण घसरत चाललं आहे. २०१९-२० च्या हंगामात ते ६० टक्क्यांच्या वर होतं. २०२४-२५ ला निम्म्याच्या आसपास आलं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिन्यांपुढच्या सगळ्या मुलांना लस द्यावी असं सांगते, तरीही. ही घसरण वॉशिंग्टनमध्ये बसून थांबणार नाही. ती थांबली तर अशा शाळांच्या कॉरिडॉरमध्ये थांबेल.

गरोदर बाईचं उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. तिनं लस घेतली की तिच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं नाळेतून बाळाकडे जातात आणि पहिले काही महिने, म्हणजे बाळाला स्वतःची लस घेता येत नाही नेमक्या त्याच काळात, त्याच्या कामी येतात. ढाक्यात झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लस घेतलेल्या आयांच्या तान्ह्या बाळांमध्ये तपासणीत सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी आढळला. आपल्याकडे डोहाळजेवणाला काय काय करतात याची यादी मोठी असते. त्या यादीत लशीची आठवण कुणी करून देत नाही. मंडळातल्या चार अनुभवी बायकांनी तरी ती करून द्यावी.

‘किरकोळ दुखणं’ ही समजूत सर्दी आणि फ्लू यांच्यात गल्लत केल्यामुळे टिकून आहे. नाक गळतं, दोन दिवस कणकण वाटते, आल्याचा चहा घेतला की बरं वाटतं, ती बहुतेक वेळा सर्दी. फ्लू माणसाला अंथरुणाला खिळवतो. सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या अंदाजानुसार २०१० नंतरच्या हंगामांत अमेरिकेत वर्षाला सुमारे सहा हजारांपासून ५२ हजारांपर्यंत माणसं फ्लूनं गेली. त्यातली बहुतांश ६५ च्या पुढची. पण फक्त तीच नाहीत : २०२४-२५ च्या हंगामात २८० मुलांच्या मृत्यूची नोंद झाली. २००४ पासून अशा नोंदी ठेवल्या जातात. २००९-१० ची स्वाइन फ्लूची साथ सोडली तर एका हंगामात इतकी मुलं कधी गेली नव्हती. लस घेण्याजोग्या वयाच्या ज्या मुलांची माहिती मिळाली, त्यांच्यातल्या दहापैकी सुमारे नऊ मुलांचं लसीकरण पूर्ण झालेलं नव्हतं.

आपल्या समाजासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. आपल्याकडे हृदयविकार तरुण वयातच गाठतो, हे प्रत्येक घराला माहीत आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या नोंदींवरून २०१८ साली दिसून आलं की तपासणीत फ्लू सिद्ध झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहा पटींनी वाढतो. पासष्टीतले काका फ्लूनंतर चार दिवसांनी ‘अचानक’ गेले, असं आपण म्हणतो. त्या ‘अचानक’च्या मागे काय होतं ते आपण शोधत नाही.

लस घेऊनही फ्लू होतो, ही तक्रार खरी आहे. लस आणि त्या वर्षीचा विषाणू यांचा मेळ चांगला जमतो तेव्हा ती डॉक्टरकडे जाण्याची वेळ ४० ते ६० टक्क्यांनी टाळते. मेळ फसला तर कमी. हे आकडे झाकून ठेवून लोकांना लशीकडे वळवू नये, असं माझं ठाम मत आहे, कारण झाकलेलं एकदा उघडं पडलं की माणसं पुढचं काहीच ऐकत नाहीत. पण अर्धवट संरक्षणाचा अर्थ नीट लावायला हवा. एकट्या माणसाच्या दृष्टीनं बघितलं तर लस म्हणजे कौल लावण्यासारखं. शंभर मुलांच्या शाळेच्या दृष्टीनं बघितलं तर साखळीच्या अनेक कड्या एकदम तुटतात. संरक्षण अर्धवट असेल तर समूहाची गरज जास्तच लागते. ‘लस पक्की नाही, म्हणून ज्याचं त्यानं बघावं’ हा युक्तिवाद त्यामुळे स्वतःच्याच विरुद्ध जातो.

आणि नुसत्या लशीवर हे सगळं सोपवायचंय असंही नाही. २०२०-२१ चा हिवाळा आठवा. कोविडसाठी म्हणून लोक मुखपट्ट्या लावत होते, आजारी माणूस घरी राहत होता, खिडक्या उघड्या होत्या, प्रवास थांबला होता. त्या हंगामात अमेरिकेत फ्लूनं गेलेल्या मुलांची नोंद फक्त एक आहे. त्याआधीच्या हंगामात ती दोनशेच्या जवळ होती. ‘बी यामागाता’ नावाची फ्लूची एक अख्खी शाखा मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीनं सापडलेली नाही, आणि २०२४-२५ पासून अमेरिकेतल्या लशीतून ती वगळली आहे. त्या वर्षाची किंमत आपण फार मोठी मोजली आणि तसं जगणं मी पुन्हा कुणाला सुचवणार नाही. पण माणसांच्या वागण्यानं फ्लूचा फैलाव बदलत नाही, हे आता कुणी म्हणू नये.

लशीबद्दलची भीती वेगळी. तिला मी तुच्छ लेखत नाही. १९७६ साली न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स छावणीत स्वाइन फ्लू निघाला, सरकारनं घाईनं साडेचार कोटींच्या आसपास लोकांना लस दिली, साथ आलीच नाही, आणि लस घेतलेल्या दर लाखामागे सुमारे एका जादा माणसाला गिलां-बारे हा मज्जातंतूंचा आजार झाला. डिसेंबरमध्ये मोहीम थांबवावी लागली. ते लपवून ठेवण्यासारखं नाही. त्यानंतरच्या लशींबाबत हा धोका दिसलाच तर दहा लाखांत एक-दोन इतका राहिला आहे, आणि खुद्द फ्लू झाल्यानंतरही गिलां-बारे होतो, हेही त्याच वेळी सांगायला हवं. अंड्याचा प्रश्न आपल्याकडे विशेष निघतो. कुणी माळकरी, कुणी जन्मापासून अंड्याला हात न लावलेलं. बहुतेक लशी अंड्यात वाढवलेल्या विषाणूपासून होतात हे खरं. पण फ्लूसेलव्हॅक्स आणि फ्लुब्लॉक या लशींत अंडं वापरलेलं नसतं. फार्मसीत फोन करून त्या मागवता येतात. ज्येष्ठांसाठी जास्त मात्रेची किंवा जास्त परिणामकारक लस वेगळी असते. पासष्टीच्या पुढच्या माणसांनी ती आवर्जून मागावी.

बैठकीत एक आक्षेप मोठ्या आवाजात आला होता : ‘तुम्ही सक्ती करायला निघालात.’ तो ऐकून मला पुण्याचं १८९७ साल आठवलं. प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँडसाहेबानं गोऱ्या शिपायांना घराघरांत घुसवलं, देवघरांत बूट गेले, बायकांची विटंबना झाल्याच्या तक्रारी झाल्या, आणि जूनमध्ये चाफेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. त्याच वर्षाच्या जानेवारीत मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. आरोग्याच्या नावाखाली जबरदस्ती झाली की काय होतं आणि विश्वास कमवायचा तर काय करावं लागतं, या दोन्ही गोष्टी मराठी माणसानं एकाच वर्षात पाहिलेल्या आहेत. सुचवलं गेलं होतं ते सोय करा एवढंच. दारात कुणी लशीचं कार्ड तपासणार नव्हतं. सोय करणं आणि सक्ती करणं यातला फरक कळत नसेल, तर मंडळानं गणपतीच्या वेळी रक्तदान शिबिरही भरवू नये.

‘मंडळ म्हणजे काही आरोग्य खातं नव्हे’ असंही सांगितलं गेलं. माणसं एकत्र जमवणारी प्रत्येक संस्था त्या दिवसापुरतं कुणाचं तरी आरोग्य हातात घेते. तिला ते मान्य असो वा नसो. २८ सप्टेंबर १९१८ ला फिलाडेल्फियात युद्धरोख्यांच्या विक्रीसाठी मिरवणूक निघाली. फ्लू शहरात शिरलेला होता, डॉक्टरांनी ती रद्द करा म्हणून सांगितलं होतं. आरोग्य संचालक विल्मर क्रुसेन यांनी ती होऊ दिली. सुमारे दोन लाख लोक रस्त्यावर आले. तीन दिवसांत रुग्णालयांत खाट मिळेना, आणि काही आठवड्यांत बारा हजारांहून जास्त माणसं दगावली. सेंट लुईसमध्ये मॅक्स स्टार्कलॉफ यांनी पहिले रुग्ण आढळल्यावर दोन दिवसांत शाळा, नाटकगृहं, चर्च बंद केली, व्यापाऱ्यांचा विरोध पत्करून. साथीच्या सर्वांत वाईट आठवड्यात फिलाडेल्फियात लाखामागे २५७ जादा मृत्यू झाले, सेंट लुईसमध्ये ३१. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात या तापानं सुमारे दहा लाख माणसं गेली. आपल्यापैकी अनेकांच्या पणजीच्या माहेरची अख्खी घरं त्यात उठली.

दरवर्षीचा फ्लू म्हणजे १९१८ नव्हे आणि दिवाळीचा कार्यक्रम रद्द करा असं मी म्हणत नाही. परदेशात वाढणाऱ्या मुलांना वर्षातून एकदा आपल्या माणसांनी भरलेला हॉल दिसतो, त्याचं मोल मला ठाऊक आहे. कार्यक्रम जरूर व्हावा. पण तो कसा होतो हे बघा. आपल्याकडे नियम असतो : तिकिटाचे पैसे कोणत्याही कारणानं परत मिळणार नाहीत. चौघांचं तिकीट काढलेलं, मुलीनं दोन महिने नाच बसवलेला, आजीनं भारतातून नऊवारी शिवून आणलेली. सकाळी मुलीला १०२ ताप. दुपारी तीन वाजता हायस्कूलच्या पार्किंगमध्ये गाडीच्या मागच्या सीटवर तिला टायलेनॉलचं सिरप पाजलं जातं. तासाभरात ताप उतरतो, गाल टवटवीत दिसतात, आणि ती ग्रीनरूममध्ये जाते. तिथं तेच काजळ, तीच लिपस्टिक बारा जणींना लागते. ताप औषधानं उतरला तरी विषाणू बाहेर पडायचा थांबत नाही. लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस माणूस फ्लू पसरवू शकतो, लहान मुलं त्याहूनही जास्त. औषध न घेता चोवीस तास ताप आला नाही आणि बरं वाटू लागलं, की बाहेर पडावं, हा नियम म्हणूनच आहे. त्या आईला दोष देणं सोपं आहे. मी तो देणार नाही. दुखणं अंगावर काढून कार्यक्रमाला हजर राहण्यात आपण शौर्य मानतो, आणि पैसे परत न देण्याच्या नियमानं तिला दारापर्यंत ढकलतो. तो नियम मंडळानं केला आहे. तो बदलणं मंडळाच्याच हातात आहे. पैसे परत द्या, किंवा ते पुढच्या वर्षीच्या वर्गणीत वळते करा. नाच बसवताना एक-दोन मुली राखीव ठेवा. तालमीची चांगली चित्रफीत करून ठेवा, म्हणजे आजारी पडलेलीला निदान आजी-आजोबांना काहीतरी दाखवता येईल.

आणि जेवण वाढणारे? घरी बसायचा सल्ला लॅपटॉपवर काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना परवडतो. अमेरिकेत आजारपणाची पगारी रजा द्यावी असा देशभराचा कायदा नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी २००६ मध्ये आपल्या शहरासाठी तो करून घेतला, २०११ ला कनेटिकट हे तसं करणारं पहिलं राज्य ठरलं, नंतर काही राज्यं त्या वाटेनं गेली. बाकीच्या ठिकाणी आजही एक दिवस न गेलं तर त्या दिवसाची मजुरी बुडते. आपल्या दिवाळीला ॲल्युमिनियमच्या ट्रेमधून मसालेभात वाढणारा पोरगा अशाच एखाद्या ठिकाणी कामाला असतो, कधीकधी तो आपलाच विद्यार्थी असतो. त्याला ताप असला तरी तो येणार. केटररशी करार करताना एक ओळ घाला : आजारी कामगाराच्या जागी दुसरा पाठवा, आणि आजारी पडलेल्याची त्या दिवसाची मजुरी मंडळ भरेल. चारशे माणसांच्या जेवणाच्या बिलात ती रक्कम जाणवणारही नाही.

भारतातून आलेल्या आई-वडिलांची गोष्ट अजून अवघड. त्यांच्यासाठी घेतलेला प्रवासी विमा बहुतेक वेळा लशीचे पैसे देत नाही, आधीपासूनच्या आजाराचे तर नाहीच. म्हणून लस राहून जाते, ताप आला तरी ‘खर्च नको’ म्हणून चार दिवस सुटकेसमधून आणलेल्या अँटिबायोटिकवर काढले जातात. फ्लू विषाणूनं होतो, त्याच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. फ्लूवरचं टॅमीफ्लू शक्यतो पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू करायचं असतं, आणि तोवर ती वेळ निघून गेलेली असते. काढा, वाफ, हळदीचं दूध यांनी घशाला बरं वाटतं, ते जरूर घ्यावं. त्यानं फ्लू पसरायचा थांबत नाही. लस बहुतेक फार्मसींत विम्याशिवाय पैसे देऊन घेता येते, आणि अनेक काउंटींची आरोग्य खाती ती कमी दरात किंवा मोफत देतात. हे आजीला माहीत नसतं, मुलाला विचारायला सुचत नाही. मराठी शाळेच्या कॉरिडॉरमध्ये टेबल टाकून बसलेला फार्मासिस्ट तिला एका रविवारी हे सगळं मराठीतून समजावू शकतो, कारण आपल्या मंडळांत फार्मासिस्ट, नर्स, डॉक्टर यांची कधीच वाण नव्हती.

ऑगस्ट २००९ मध्ये पुण्या-मुंबईच्या शाळा स्वाइन फ्लूमुळे बंद झाल्या, रस्त्यावर जो तो तोंडाला रुमाल बांधून फिरू लागला. आपल्यापैकी कितीतरी जण त्या वेळी तिथं शिकत होते. तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं नाही की ज्याला भीती त्यानं बघावं. गल्लीनं, सोसायटीनं, मंडळानं मिळून बघितलं. इथं येऊन आपली मंडळं त्याच्याहून कमी का करतील, हे मला समजत नाही.

लस घेतल्यावर तिचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात. तेव्हा दिवाळीच्या आठवड्यात टेबल मांडून भागत नाही. ते नवरात्रात मांडायला हवं, आणि त्यासाठी काउंटीच्या आरोग्य खात्याला किंवा जवळच्या फार्मसीला ऑगस्टमध्येच फोन करायला हवा. नऊ वर्षांखालच्या ज्या मुलांची ही पहिलीच वेळ असेल त्यांना चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, त्यांच्या पालकांना तर त्याहून आधी कळवायला हवं. आमच्या मंडळात ही सूचना मी यंदा पुन्हा मांडणार आहे. तुमच्या मंडळात ती तुम्ही मांडा : लशीसाठी एक रविवार, आजारी पडलेल्यांना तिकिटाचे पैसे परत, केटररच्या करारात एक ओळ. तोंडी बोलून सोडू नका. लेखी द्या, बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावा, आणि त्यावर मतदान मागा.